लिलाव करणाऱ्याने बोली लावू नये

मी एकदा पत्त्यांचा एक खेळ तयार केला होता. आपल्याला खेळायला मिळावं, एवढ्याच कारणासाठी केला होता. आणि त्यात मी स्वतःच्या हाताने असा नियम घातला की मला सोडून बाकी सगळ्यांना खेळता यावं. बत्तीस वर्षांची घोडी होते तेव्हा. एका पोरीची आई. ताप नव्हता, काही नव्हतं. पूर्ण शुद्धीत केलेला गाढवपणा.

विसरलेही असते, पण परवा माझी नात एक मोठा खोका घेऊन आली. आत रंगीत पत्ते, लाकडी इंजिनं, एक नकाशा. म्हणाली, "आजी, रेल्वेचा गेम आहे. रूट लिलावात घ्यायचे."

मी चष्मा पुसला. "लिलाव करणार कोण?"

"ज्याची टर्न येईल तो."

"आणि मग त्याने बोली लावायची नाही, होय ना?"

"का नाही? तो पण खेळतोच आहे ना, आजी! तो काय नुसता ओरडायला बसलाय?"

डोकं दुखतंय म्हणून मी आत जाऊन पडले. डोकं दुखत नव्हतं. एवढ्याशा पोरीला जे न शिकवता कळतं, ते मला त्या वेळी का कळू नये, याचा संताप आला होता, आणि इतक्या जुन्या गोष्टीचा संताप कुणासमोर करायचा हे ठरेना.

आम्ही तेव्हा मुलुंड पूर्वेला राहायचो. बाहेरची खोली, आतलं स्वयंपाकघर आणि मध्ये दार नसलेली चौकट. घरात हे, मी, सासूबाई आणि आमची लेक. लेक रविवारी जेवून खाली खेळायला पळायची, ती थेट टीव्हीवरच्या सिनेमाच्या वेळेला उगवायची. तिचा या गोष्टीत काही हात नाही.

रविवारी दुपारी मासळीची भांडी मी आत घासत असायचे आणि बाहेर चटई पडायची. चटईवर तीन पुरुष. एक आमचे हे. दुसरे वरच्या मजल्यावरचे, बँकेत कॅशियर. त्यांना मी बँकवाले भावजी म्हणायचे. तिसरे ह्यांचे जुने दोस्त, मरोळच्या एका कारखान्यात सुपरवायझर, म्हणून मरोळवाले भावजी. पूर्वी चौथेही एक होते. त्यांची नागपूरला बदली झाली आणि चौघांचा मेंढीकोट बंद पडला. मग हे तिघं रमी खेळायचे आणि दर डावानंतर कुणीतरी एक पंख्याकडे बघून म्हणायचा, "यार, चौथा भिडू पाहिजे होता."

मी हे चौकटीत उभी राहून ऐकायचे, हातात चहाचा ट्रे. माहेरी बोरिवलीला मी मेंढीकोटात माझ्या भावांना रडवलेलं. हुकूम कुणाकडे अडकलाय हे मी त्यांच्या बसण्यावरून ओळखायचे. शेवटी ते आईला सांगायचे, ही बसणार असेल तर आम्ही गच्चीवर जातो. आणि इथे चौथा भिडू ह्यांच्या नाकासमोर चहा घेऊन उभा, आणि हे पंख्याला विचारतायत!

मग बोलायचं ना, असं तुम्ही म्हणाल. बोलले होते. म्हणजे माझ्या मते बोलले होते. एकदा कप खाली ठेवता ठेवता म्हटलं, "मेंढीकोट मलापण येतो हां."

हे पत्त्यांतून डोकं वर न काढता म्हणाले, "तू बसलीस तर चहा कोण टाकणार?"

तिघंही हसले. मीही हसले. त्यांच्या हसण्याचं मला इतकं काही वाटत नाही, माझ्या हसण्याचं वाटतं. ट्रे घेऊन आत गेले आणि ओट्याशी उभी राहून विचार केला की आता ह्यांच्या दारात भीक मागायची नाही. असा खेळ आणायचा, जो फक्त मला येतो. मग बसवतील झक मारत. चटईवर एक जागा, एवढंच मला पाहिजे होतं. राज्य नको होतं.

पुरुषांना कशावर तासन्‌तास बोलता येतं ते मी बघून ठेवलं होतं. कुठली गाडी कुठल्या स्टेशनात किती थांबते, आणि कुठली वस्तू आपल्याला कशी स्वस्तात पडली. म्हणून माझ्या खेळात रेल्वे आणि लिलाव. नाव ठेवलं 'लोहमार्ग'. बघा, नावात किती रुबाब!

खेळ तसा सोपा होता. एकेका पत्त्यावर एकेक मार्ग: मुंबई–पुणे, पुणे–मिरज, मिरज–कोल्हापूर, मनमाड–औरंगाबाद, भुसावळ–नागपूर असे. पत्त्यांची गड्डी पाटावर उपडी ठेवायची. वरचा पत्ता उलटायचा, त्याचा लिलाव करायचा, जास्त बोली लावेल त्याला तो मार्ग. शेवटी ज्याची गाडी न तुटता सगळ्यात लांब जाईल तो जिंकला. म्हणजे मुंबई–पुणे हातात असेल तर पुढे पुणे–मिरज घेण्यात अर्थ; नुसतं मनमाड–औरंगाबाद घेऊन बसलात तर बसा मनमाडला. नकाशा मी रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकाच्या मागून उतरवला. मुंबई–पुणेला सगळ्यात जास्त मान, कारण त्याच्याशिवाय कुणाची गाडी मुंबईतून दक्षिणेला हलतच नव्हती. कोकणात तेव्हा रेल्वेच नव्हती, त्यामुळे आमच्या गावाचा पत्ता नाही. सासूबाईंनी विचारलं होतं, "आमची सावंतवाडी खय गेली?" म्हटलं, "आई, रूळ टाकले की काढते पत्ता."

बोली लावायला चिंचोके. वर्षाची चिंच नुकतीच फोडून झाली होती, चिंचोक्यांनी डालड्याचा डबा भरला होता.

राहिले पत्ते. त्यासाठी जाड कागद हवा होता. सासूबाईंच्या पेटीत लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. गावच्या, मुंबईच्या, भावकीतल्या, चाळीतल्या, कुठल्या कुठल्या लग्नांच्या. पत्रिकेवर गणपती असतो, मग टाकायची कशी, म्हणून सगळ्या ठेवलेल्या. मी मागितल्या तर सासूबाई म्हणाल्या, "घे. पण गणपती कापून माज्याकडे दी हां." मी गणपती कापून दिले आणि उरलेल्या पत्रिका मापात कापल्या. कोऱ्या बाजूला मार्ग लिहिला, छोटंसं इंजिन काढलं. छापील बाजू झाली पत्त्याची पाठ. कुठे 'आमचे येथे श्रीकृपेकरून', कुठे 'आपले नम्र', कुठे कोपऱ्याला कुंकवाचं बोट. मला ते फारच सुंदर वाटलं. सगळ्या पाठी लाल शाईच्या, सगळ्या सारख्या. असं मला वाटलं.

आता तो नियम. मी आयुष्यात खराखुरा लिलाव एकाच ठिकाणी बघितला होता. लहानपणी मे महिन्यात आम्ही गावी जायचो. देवळात उत्सव असला की लोकांनी देवाला वाहिलेली केळी, नारळ, फणस, कधी कोंबडाही, शेवटी सगळ्यांसमोर लिलावाने विकायचे. त्याला पावणी म्हणतात. देवाची वस्तू म्हणून माणसं इरेला पेटायची. एका केळीच्या घडावरून दोन भावांचं बोलणं बंद पडलेलं मी बघितलंय. आणि मध्ये उभा असायचा पावणी करणारा. फणस वर धरून तो ओरडायचा, "एक बार! दोन बार!" आणि सगळा सभामंडप श्वास धरून त्याच्या तोंडाकडे बघायचा. तो स्वतः बोली लावत नसे. देवाचं काम करतो, तो कशी लावेल?

तो माणूस माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. म्हणून मिठाईच्या खोक्याच्या झाकणाला आतून मी नियमांचा कागद चिकटवला आणि त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'लिलाव करणाऱ्याने बोली लावू नये.' खाली दोन रेघाही मारल्या. एक रेघ पुरली नसती.

पहिल्या रविवारी मी चटईवर खोका ठेवला आणि खेळ समजावून सांगितला. तिघंही खूश. मरोळवाले भावजी तर म्हणाले, "वहिनी, झकास! हे तुम्ही केलंत? एकटीने?" मी फुगले. पदर खोचून बसायला वाकणार, इतक्यात बँकवाल्यांनी झाकण वाचलं. "खेळायला चार जण. आणि लिलाव करायला वेगळा एक."

"लिलाव हीच करेल," हे म्हणाले. "नियम हिलाच माहीत आहेत."

मी अर्धी वाकलेली होते, तिथेच थांबले. नियम मलाच माहीत होते, हे खरंच होतं. तोच तर माझा डाव होता.

"मग चौथा कोण?" बँकवाले म्हणाले. "खालून कोणाला हाक मारू?"

सासूबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, भिंतीपासून चटईपर्यंत बसल्या बसल्या सरकत आल्या आणि हात पुढे केला. "वाट ते चिंचोके."

"आई, तुला जमेल?" ह्यांनी विचारलं.

"माका ह्यातला काय कळना नाय. वाट."

आणि मी पाटाशी उभी राहिले. का उभी? पावणीवाला उभा असायचा म्हणून!

पहिला डाव सासूबाई जिंकल्या. सगळे म्हणाले, नवशिक्याचं नशीब. दुसराही त्याच जिंकल्या. तोवर मी मध्येच आत जाऊन चहा टाकून आले होते. दुधाकडे कान आणि लिलावाकडे तोंड. "पुणे–मिरज, चार, चार, कोणी पाच?" आणि मागे फसफस. गॅस बंद करून धावत येऊन "तीन बार!"

पुढचा रविवार, त्याच्या पुढचा रविवार, असं ते सुरूच झालं. रमी गेली ती गेलीच. खेळाला लोकांनी नावही बदलून दिलं. 'लोहमार्ग' कोणी म्हणेना. "चला, झुकझुक काढा" म्हणायचे. मरोळवाले भावजींना नेरळ–माथेरान दिसलं की भान राहायचं नाही. लग्नानंतर ते तिथे गेले होते. त्या पत्त्याचा काडीचा उपयोग नाही, तिथून पुढे गाडी जातच नाही, पण हे मूठभर चिंचोके ओतायचे. मला ओरडावंसं वाटायचं, अहो, भुसावळ येतंय, ठेवा काहीतरी! मी असते तर कसं खेळले असते हे मला दर पत्त्याला दिसायचं. घेता काहीच यायचं नाही. मिठाईच्या दुकानात उपासाच्या दिवशी नोकरी लागावी, तशी गत.

शेवटी म्हटलं, "आपण आळीपाळीने करूया ना लिलाव. आज भावजी करतील."

बँकवाले भावजी उभे राहिले. त्यांनी "मनमाड–औरंगाबाद" असं म्हटलं, जसं खिडकीतून टोकनचा नंबर पुकारतात, आणि गप्प बसले. बोली लागेना. त्यांना वाटलं, लोक येतील रांगेत. मग मरोळवाले उठले. ते मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय असलेला माणूस. खालच्या मजल्यावरून छताला काठीचे ठोके आले. ह्यांनी दोन पत्ते केले, तेही "घ्या ना, कोणीतरी घ्या, आटपा" अशा सुरात, जसा काही उरलेला भात वाढतायत.

"नाही यार, मजा नाही," मरोळवाले म्हणाले. "वहिनी, तुम्हीच या. तुम्ही 'तीन बार' म्हणता ना, तेव्हा खरंच गाडी सुटल्यासारखी वाटते."

आणि मी मूर्ख गेले! लाजून गेले, केस सारखे करून. त्या दुपारी मी इतकं सुंदर "तीन बार" म्हटलं, की पावणीवाल्याने मला शिष्य करून घेतलं असतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की मला कौतुकाने बांधून पाटाशी परत उभं केलंय. पण तोवर रविवार संपला होता.

मग मी सरळ बोलीच लावली. भुसावळ–नागपूर निघालं होतं. ह्यांचे पाच होते. मी म्हटलं, "सात!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "कोण बोललं सात?"

"मी."

"तू? तू कशी?"

"माझ्याकडे पण चिंचोके आहेत." खरंच होते. डब्यात खाली उरलेले मी ओटीत घेऊन आले होते.

बँकवाले भावजी गंभीर झाले. "वहिनी, असं नाही चालत. आमच्याकडे जप्तीच्या मालाचा लिलाव होतो, तेव्हा मॅनेजर बोली लावतो का? उद्या पेपरात येईल."

"हा काय जप्तीचा माल आहे?"

"तत्त्वाची गोष्ट आहे."

ह्यांनी खोक्याचं झाकण उचललं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "लिलाव करणाऱ्याने बोली लावू नये." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खाली दोन रेघा पण आहेत गं."

भुसावळ–नागपूर पाचात गेलं. मी ओटीतले चिंचोके डब्यात ओतले, ते ताशा वाजल्यासारखे वाजले. कोणी मान वर केली नाही.

आणि या सगळ्यात सासूबाई जिंकतच होत्या. दर रविवारी, न चुकता. किरकोळ पत्त्याला त्या हात हलवायच्या नाहीत. "नको माका." चिंचोके मांडीखाली दाबून बसायच्या. आणि मुंबई–पुणे निघालं की सगळी मूठ एकदम पाटावर. दुसऱ्याकडे तोवर काही शिल्लकच नसायचं. पुरुष म्हणायचे, काकींचा हात चांगला आहे. मी मनात म्हणायचे, माझ्या जागेवर बसून मलाच वाकुल्या दाखवतेय ही बाई. हो, माझ्याच जागेवर. चटईवरची ती चौथी जागा मी कापली, चिकटवली, इंजिनं काढून सजवली, आणि तिथे बसून सासूबाई पान लावत होत्या.

मला पत्ते मिळत नव्हते, म्हणून मी माणसं बघायला लागले. माहेरची सवय. एका रविवारी मनमाड–औरंगाबाद पुकारताना बघितलं, सासूबाई त्या पत्त्याकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या पाटावरच्या गड्डीकडे, पुढच्या उपड्या पत्त्याच्या पाठीकडे. आणि स्वतःशी पुटपुटल्या, "हेंच्या लग्नात जिलबी कच्ची होती."

मनमाड त्यांनी सोडलं. मी पुढचा पत्ता उलटला. मुंबई–पुणे.

त्यापुढच्या रविवारी माझं लक्ष फक्त त्यांच्या ओठांकडे. दोन-चार पत्ते गेले. मग आलं, "जिलबी मेली." चिंचोके मांडीखालून बाहेर. मी पत्ता उलटला. मुंबई–पुणे!

पुरुषांना लग्नपत्रिकेत दोनच गोष्टी दिसतात, हॉल कुठे आणि जेवण किती वाजता. पण सासूबाई त्यांतल्या बहुतेक लग्नांना अहेर घेऊन गेल्या होत्या. कुंकवाचं बोट कुठल्या कोपऱ्याला लागलंय, नावाची वेलांटी कशी वळलीय, कागद पिवळा की मोतिया, त्यांना एका नजरेत कळत होतं की ही कुणाच्या पोरीची पत्रिका. आणि एकदा का डाव खेळून झाला, की त्या लग्नाच्या पाठीमागे कुठला मार्ग आहे हेही पाठ झालं. अख्खी गड्डी त्यांना उलटी वाचता येत होती! आणि ती त्यांच्या हातात दिली कुणी? मी. स्वतः कापून. त्यांच्याच पेटीतून मागून घेऊन.

मी गड्डीवर हात आपटला. "आई, ही वरची कुठली?"

"माका काय म्हायत?"

"पाठ बघून सांगा ना. कुणाचं लग्न?"

सासूबाईंनी पान गालात सरकवलं. त्यांना खोटं बोलायचा कंटाळा होता. "ती गिरगावातली. नवऱ्याक उशीर झालो होतो, मुहूर्त टळलो."

"आणि मागे काय आहे?"

"पुणे–मिरज."

मी पत्ता उलटला. पुणे–मिरज. त्याखालचा दाखवला. "ही मावशीच्या धाकट्याची. मिरज–कोल्हापूर." उलटला. मिरज–कोल्हापूर.

मी तिघांकडे बघितलं. वाटलं, आता येतील सगळे माझ्या बाजूने. तत्त्वाची माणसं ना! आता निघेल झाकण, आता वाचतील नियम.

मरोळवाले भावजींनी टाळीच वाजवली. "काकी! काय डोकं आहे! आम्ही इतके दिवस बावळटासारखे चिंचोके ओततोय!"

"ही मेमरी बँकेत पाहिजे होती," बँकवाले म्हणाले. त्यांना जप्तीचा माल आठवला नाही.

ह्यांना तर हसून ठसका लागला. डोळे पुसत माझ्याकडे वळून म्हणाले, "यावर चहा झाला पाहिजे बुवा! टाक गं."

मी पाटावरची गड्डी उचलली आणि उधळली. भिंतीपर्यंत पत्ते उडाले. भुसावळ सासूबाईंच्या सुपात पडलं. मी काय बोलले ते मला धड आठवत नाही, पण त्यात "मीच केलाय हा खेळ" होतं, "मलाच एक पत्ता मिळत नाही" होतं आणि "चहा गेला खड्ड्यात" हेही होतं. आवाज लिलावाचा कमावलेला. खालच्या मजल्याने काठी मारली नाही, कान दिला असावा.

मग हे अगदी हळू, खरंच काही न कळलेल्या माणसासारखे म्हणाले, "अगं, तुला खेळायचं होतं?"

आता याच्यावर काय करायचं? इतके रविवार मी त्या पाटाशी उभी होते, "सात" म्हणून ओरडले होते, ओटीत चिंचोके भरून आले होते. बँकवाले भावजी चटईची किनार मोडत बसले. मरोळवाले म्हणाले, "वहिनी, आम्हाला वाटलं तुम्हाला लिलावच आवडतो."

तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला. चहासाठी दूध मी आधीच तापत ठेवलं होतं. ते उतू जाऊन बर्नरवर जळत होतं. सवयीने माझा पाय वळला. एक पाऊल टाकलंही. मग थांबले, आणि हलले नाही. वास वाढायला लागला. बँकवाल्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, मरोळवाल्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. शेवटी हे उठले, "अरे, काय हे, काय हे" करत आत गेले, आणि आतून विचारलं, "अगं, फडकं कुठे असतं?"

चटईवर ह्यांची जागा मोकळी होती, अजून गरम असेल. मी पदर खोचला आणि तिथे धपकन बसले, विस्कटलेल्या पत्त्यांवरच. आपलाच नवरा उठल्यावर त्याच्या जागेवर बसायला इतकं धाडस लागतं, हे आज नातीला सांगितलं तर ती माझा ताप बघेल. मला वाटलं, आता सासूबाई बोलणार. पाहुण्यांसमोर आवाज चढवला, पत्ते उधळले, दूध जाळलं. मी मान खाली घालून पुटपुटले, "मला कधी कुणी बसच म्हटलं नाही, आई."

सासूबाई माझ्या गुडघ्याजवळ वाकून काहीतरी शोधत होत्या. शोधता शोधताच, माझ्याकडे न बघता म्हणाल्या:

"मगे माका कोणी बोलावल्यान? गुडघे दुखत होते म्हणान खाली बसलंय, पत्ते समोर इले म्हणान उचललंय. तू उभी रवान आरडत रवलंस, त्येका मी काय करू? आता जरा सर गो, तुज्या पायाखाली माजी मुंबई–पुणा आसा."